हमिंगची साक्ष: मिरजेतल्या एका कॅसेटचं प्रकरण

वाद एका कॅसेटवरून झाला. दुसरी कॅसेट, बी बाजू, तिसरी चीज, लांबी सव्वासहा मिनिटं. कव्हरवर निळ्या बॉलपेनने 'भीम 3' एवढंच लिहिलेलं, भीम म्हणजे राग भीमपलास. कॅसिओवर मी, गिटारवर माझा मित्र, साल 1996, महिना डिसेंबर. ही चीज आम्ही दोघांनी समोरासमोर बसून एका दमात वाजवली, असं मी पंचवीसहून अधिक वर्षं लोकांना सांगत आलो. बायकोला, ऑफिसातल्या पोरांना, भाच्याला. भाच्याने गिटार घेतली तेव्हा तर जरा जास्तच रंगवून.

या सांगण्याचा सगळा भार दोन सेकंदांवर होता. चार मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास कॅसिओ अचानक थांबतो. त्याच क्षणी गिटारही थांबते. दोन सेकंद काही नाही. मग दोघंही एकत्र मध्यमावर येतात. ना इशारा, ना मात्रा मोजणं. माझ्या हौशी वादनाच्या आयुष्यात याहून चांगलं काही घडलेलं नाही, असं माझं मत होतं. दोघांचा श्वास एक झाला होता वगैरे शब्दही मी वापरलेत. आता कबूल करून टाकतो.

2023 मध्ये मिरजेचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत चार कॅसेटी सापडल्या. मी त्या डिजिटल केल्या, साफ केल्या आणि मित्राला पाठवल्या. त्याचा फोन आला. तो सतारमेकर गल्लीतला, घरचा धंदा तंबोरे-सतारींचा, आणि आता तोच तो चालवतो.

"ऐकलं. माझी गिटार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाजवल्यागत का लागतीया?"

म्हटलं, हमिंग म्हणजे विजेची घरघर काढलीय, हिस म्हणजे टेपची सरसर काढलीय, त्यामुळे असेल. पण तो थांबा ऐकलास का? एकत्र कसे थांबलो बघ.

"एकत्र कुठलं? तू झोपला होतास की लेका. मी एकट्यानं वाजवलीय ती, रातच्याला."

तिथून हे प्रकरण सुरू झालं.

सामान

आधी त्या खोलीत काय काय होतं ते सांगायला हवं. कारण निकाल त्या सामानातूनच निघाला.

मावसभाऊ मस्कतला होता. त्याने 1994 साली 49 पट्ट्यांचा कॅसिओ आणला. सिंथेसायझर हा शब्द आम्ही मासिकात वाचला होता, पण घरात, गल्लीत आणि वाजवताना तो 'कॅसिओ'च. मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 सालीच रोलँडच्या यंत्रांवर राग वाजवून तबकडी काढली होती, हे आम्हाला 2010 नंतर, जगाला कळलं तेव्हाच कळलं. मिरजेत बसून आपण काहीतरी पहिल्यांदा करतोय, या समजुतीत आमची चार वर्षं फार सुखात गेली.

गिटार कोलकात्याची, सेकंडहँड, तारा पट्टीपासून इतक्या वर की बोटं सोलायची. मित्राच्या चाचांनी ती एकदा हातात घेतली, उलटी केली, हुंगली आणि बाजूला ठेवली. दोन दिवसांनी परत मिळाली तेव्हा डोक्याकडची प्लॅस्टिकची खाच जाऊन तिथे हाडाची आली होती. अगदी सतारीच्या घोडीला लागतं तसं हाड, कानसेने घासून बसवलेलं. वरच्या दोन तारांना बारीक जवारी, सतारीसारखी झणझण, निघाली होती, म्हणजे गिटारवाले ज्याला दोष म्हणतात तेच. चाचांना तो सुधार वाटला. आम्हालाही. टेपवर त्या तारा आजही लगेच ओळखू येतात.

ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे आणि दर्ग्याच्या उरुसात रात्र-रात्र गाणं चालतं, तिथल्या पोराला गिटारवर भीमपलास वाजवावासा वाटला तर त्यात नवल नाही. कॅसिओवर तो वाजवणं मात्र धाडसच होतं. कोमल गंधार नि निषाद पट्टीवर जिथे आहेत तिथेच, हलायला तयार नाहीत. मीड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. म्हणून आमची वाटणी ठरली होती: कॅसिओने खालचे लांब सूर धरायचे आणि गिटारने तार ओढून वर फिरायचं. षड्ज पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी.

रेकॉर्डिंगसाठी दोन यंत्रं. एक घरचा टू-इन-वन, त्याला आपण 'अ' म्हणू. दुसरा काकांकडून मागून आणलेला सपाट रेकॉर्डर, तो 'ब'. चार ट्रॅकची कॅसेट यंत्रं 1979 पासून बाजारात होती, पण आमच्या बाजारात नव्हती. म्हणून जुनी युक्ती: पहिला थर 'अ'वर घ्यायचा. मग 'अ' वाजवायचा, त्याच्याबरोबर दुसरं वाद्य वाजवायचं आणि दोन्ही मिळून 'ब'वर घ्यायचं. मधे साबणाच्या डबीत बसवलेले रेझिस्टर, तोच आमचा मिक्सर. कॅसिओ वायरने थेट, गिटारला चिकटवायचा पिकअप. खोलीतलं बोलणं, पंखा, रस्ता यातलं काहीच टेपवर जात नसे. हेडफोन एकच. हा एकच हेडफोन लक्षात ठेवा, मी ठेवला नव्हता.

या युक्तीची किंमत असते. प्रत्येक नकलेत टेपचा स्वतःचा हिस आधीच्या हिसमध्ये मिसळतो. सारखे दोन हिस मिळाले की पातळी 3 डेसिबलने वाढते, आणि वरच्या पट्टीतली चमक दर वेळी थोडी मरते. तिसऱ्या थरानंतर कॅसिओची झांज म्हणजे गव्हाच्या पोत्यावर काठी. आम्ही दुसऱ्या थरावर थांबायला शिकलो. पहिल्या थराची टेप मग पुसून पुन्हा वापरायची, कारण कॅसेटीला पैसे पडत. त्यामुळे 'भीम 3'चा नुसत्या कॅसिओचा थर, जर तो कधी असेलच, तर आज अस्तित्वात नाही. असता तर वाद पाच मिनिटांत मिटला असता.

टेपमधून बाहेर

डिजिटल करण्याचं काम मी सावकाश केलं, ते बरंच झालं. कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद, 90 मिनिटांच्या कॅसेटमध्ये तिची लांबी साधारण 129 मीटर, आणि ती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. फीत एवढी हळू सरकते, त्यामुळे हेडचा तिरकेपणा केसभर चुकला तरी वरचे सूर जातात. एका कॅसेटमधली फेल्टची गादी निखळून पडली होती. ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवली. एकीवर पांढरी बुरशी होती, ती कोरड्या मऊ कापडावरून फीत हळूहळू ओढत पुसली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले. मग प्रत्येक बाजूला हेडचा छोटा स्क्रू फिरवून, हिस सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबलो. कान हिसवर ठेवायचा, गाण्यावर नाही.

इथपर्यंत ठीक. पुढे मी जे केलं ते बहुतेक जण करतात: हिस कमी करणारा फिल्टर, 50 आणि 100 हर्ट्झच्या आसपासचा आवाज काढून टाकणाऱ्या रुंद खाचा, आणि चिजेच्या आधीचे 'रिकामे' सेकंद कापून टाकणं. मित्राला गेली ती ही फाईल. नशिबाने मूळ फाईल मी पुसली नव्हती. जागा भरली म्हणून पुसणारच होतो.

फोननंतर मूळ फाईल उघडली, ती खरं तर मित्राला खोटं पाडायला. विचार असा की दोन थर असतील तर हिसमध्ये कुठेतरी पायरी दिसेल. हिसची पायरी काही नीट सापडली नाही. सापडलं ते हमिंग.

दोन रेघा

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. एलिमिनेटरवर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर, चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये तिची घरघर शिरते, बहुतेक दुप्पट वारंवारतेवर, म्हणजे 100 हर्ट्झला. संगणकावर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचं चित्र, काढला की तिथे एक सरळ आडवी रेघ दिसते. 'भीम 3'मध्ये मला दोन दिसल्या. एक 99.8 हर्ट्झला, दुसरी 103.9 ला.

आधी वाटलं, यंत्रच बिघडलेलं असणार. मग आकडे घेऊन बसलो.

पहिला प्रश्न टेपच्या वेगाचा. माझं आजचं यंत्र मी मोजून घेतलेलं आहे, पण काकांचा 'ब' तेव्हा कुठल्या वेगाने चालला कोण जाणे. इथे कॅसिओ उपयोगी पडला. त्याचे सूर स्फटिकाच्या घड्याळावर बांधलेले, उन्हापावसाने न हलणारे. पांढरी सहा म्हणजे 440, बस. फाईलमध्ये ती 451 ला निघाली. म्हणजे 'ब' रेकॉर्ड करताना अडीच टक्के हळू चालला होता आणि आज बरोबर वेगाने वाजवल्यावर सगळंच अडीच टक्के चढलं. दोन्ही रेघांना 1.025 ने भागलं: 97.4 आणि 101.4. विजेच्या हिशोबात 48.7 हर्ट्झ आणि 50.7 हर्ट्झ.

एकाच खोलीत, एकाच सॉकेटवर, एकाच वेळी विजेच्या दोन वारंवारता असू शकत नाहीत.

पण दोन वेगवेगळ्या वेळी असू शकतात. आणि 1996 च्या पश्चिम महाराष्ट्रात असायच्याच. तेव्हा पश्चिम विभागाचं ग्रिड स्वतंत्र चालायचं. संध्याकाळी दिवे, टीव्ही लागले की मागणी पुरवठ्याच्या वर जायची, जनित्रं ओझ्याखाली मंदावायची आणि वारंवारता 49 च्याही खाली उतरायची. मध्यरात्रीनंतर उलटं: वीज जास्त, घेणारे कमी, वारंवारता 50 च्या वर. दिवसभरात 48 ते 52 असा झोका ही नवलाची गोष्ट नव्हती. जुलै 2002 मध्ये पश्चिम विभागात वारंवारतेशी जोडलेली दरपद्धत लागू झाली. ग्रिड मंदावलेलं असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर भुर्दंड बसू लागला आणि हा झोका आवरला. आज देशभर एकच ग्रिड आहे आणि ते 49.90 ते 50.05 च्या आत ठेवायचं असतं. म्हणजे आजच्या पोराने घरी केलेल्या रेकॉर्डिंगमधून त्याचा भाचा असा हिशोब इतक्या ढोबळ साधनांनी काढू शकणार नाही. आमच्या काळातल्या गलथान विजेचा हा एकमेव फायदा.

हमिंगवरून रेकॉर्डिंगची वेळ काढणं हा माझा शोध नाही. रुमानियाच्या कातालिन ग्रिगोराश यांनी ही पद्धत न्यायवैद्यक कामासाठी मांडली, आणि लंडनचे पोलीस ग्रिडच्या घरघरीची सतत नोंद ठेवतात, कोर्टात आलेली टेप तिच्याशी ताडून बघायला. माझ्याकडे 1996 ची तशी सेकंदासेकंदाची नोंद नाही, त्यामुळे तारीख काढणं शक्य नव्हतं. तशी गरजही नव्हती. दोन बसण्या झाल्या की एक, एवढाच प्रश्न होता. एक थर दिवेलागणीनंतरच्या ओढाताणीतला, दुसरा गाव निजल्यावरचा. (दोन्ही यंत्रांच्या मोटरी डीसी, वेग स्वतः सांभाळणाऱ्या. नाहीतर ग्रिडबरोबर टेपही हलली असती आणि सगळा हिशोब पाण्यात गेला असता.)

तरी मी हार मानली नव्हती. वकिली मुद्दा शिल्लक होता: दोन थर दोन्ही कॅसिओचे असतील. आधी संध्याकाळी खर्ज, मग रात्री आम्ही दोघांनी समोरासमोर वरचं. हे खोडून काढलं ते मी कचरा म्हणून कापलेल्या सुरुवातीच्या सहा सेकंदांनी. मूळ फाईलमध्ये चीज सुरू होण्याआधी सहा सेकंद फक्त एक रेघ आहे, रात्रीची. त्या सहा सेकंदांत कुणीतरी गिटारची वरची तार हलकेच छेडून बघतं, जवारीसकट. मग खट्ट असा आवाज, 'अ'चं बटण. त्याबरोबर दुसरी रेघ आत येते, संध्याकाळची. आणि तिच्यामागोमाग माझा कॅसिओ, खर्जासकट सगळा.

म्हणजे गिटार रात्रीची. कॅसिओ संध्याकाळचा. आणि हेडफोन एकच.

त्या वेळी मी झोपलो होतो की नाही, हे हमिंग सांगत नाही. चिकटवायचा पिकअप घोरणं पकडत नाही, एवढं माझं नशीब.

दोन सेकंद

उरला तो थांबा. मूळ फाईलमध्ये तो ऐकला आणि तिथे शांतता नाहीच, हे पहिल्यांदा कळलं. एक मंद थरथर आहे, सेकंदाला चार वेळा. ही थरथर मला आठवत होती. ती कॅसिओच्या ट्रेमोलोची, असं मी धरून चाललो होतो. पण तिथे कॅसिओ वाजतच नाही. 103.9 वजा 99.8, म्हणजे 4.1. संध्याकाळची वीज आणि रात्रीची वीज एकमेकींवर आपटून सेकंदाला चार ठोके देत होत्या. दोन तंबोरे किंचित विसंवादी लागले की जशी लाट येते, तशीच.

मित्राला फोन केला. हरलो म्हणालो. कसं कळलं, असं त्याने विचारलं, तर पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो तंबोऱ्याच्या कामात असला की असाच ऐकतो, मागे कानसेचा आवाज चालू.

"ते सगळं खरं. पण तू थांबलास का, ते आठवतंय का न्हाई?"

नाही आठवत, म्हटलं. रागाच्या ओघात असेल.

"ओघात न्हवं. काकू खालनं जेवायला हाक मारत होत्या. तू पट्टीवरनं हात काढून 'आलो' म्हणालास, आन् परत वाजवायला लागलास. मी हितंच बसलो होतो, कॉटवर."

कॅसिओ वायरने थेट, त्यामुळे आईची हाक टेपवर नाही. माझं 'आलो'ही नाही. फक्त भोक आहे, दोन सेकंदांचं.

मग तू कसा थांबलास तिथे, मी विचारलं. तू तर नंतर वाजवलंस.

तर म्हणाला, अभ्यासाच्या नावाखाली तो त्या आठवड्यात चार रात्री आमच्याकडे मुक्कामाला होता. मी निजलो की हेडफोन लावून ती टेप ऐकायचा. तो थांबा पाठ झाला होता. तिसऱ्या रात्री वाजवून पाहिलं तेव्हा तिथे तो एकटाच पुढे गेला, आणि कानाला बरं वाटेना. चौथ्या रात्री थांबला. सकाळी मला ऐकवलं, आणि मी 'वा, काय जमलंय आपलं' म्हणालो. तो काही बोलला नाही. का बोलला नाहीस, विचारलं तर म्हणे, "तू खुश होतास की."

यावर काय बोलणार? ती चीज मी त्यानंतर कितीदा ऐकली असेन. त्याने त्या दोन सेकंदांसाठी चार रात्री दिल्या, आणि त्या दोन सेकंदांचं श्रेय मी पंचवीस वर्षं अर्धं खात बसलो.

बाकीच्या टेपांचं थोडक्यात. एकूण एकोणीस चिजा. त्यातल्या अकरांत दोन रेघा, पाचांत एक. तीन चिजांत रेघच नाही: त्या वीज गेल्यावर सेलवर घेतलेल्या. त्या ओळखायची दुसरी खूण म्हणजे सेल उतरत गेले तशी टेप मंदावत गेली, त्यामुळे आज ऐकताना सूर चढत जातो. एकीत पांढरी सहा 446 ला सुरू होऊन 462 ला संपते, म्हणजे शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अर्ध्या वाटेहून जास्त. दुरुस्त करता येते. करून पाहिली आणि सोडून दिली. वाजवणं तसंही फार बरं नाही. खरं सांगायचं तर एकोणीसपैकी तीनच चिजा कुणाला ऐकवण्यासारख्या आहेत आणि त्या तिन्हींत ऐकण्यासारखी गिटार आहे. कॅसिओवाल्याचा उजवा हात घाई करतो आणि डावा त्याची वाट बघतो.

साफ केलेल्या फाईली मी काढून टाकल्या. मूळच्या दोन ठिकाणी ठेवल्यात, एक प्रत मित्राकडे. त्याने त्याच फोनवर आणखी एक विचारलं होतं: ती संध्याकाळची घरघर स्वरात कुठे बसते? बघितलं. षड्ज पांढरी दोन, म्हणजे 97.4 हर्ट्झ हा खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित उतरलेला. भीमपलासाचा मध्यम. वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर. रात्रीची घरघर मात्र मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळते, कामाची नाही.

"म्हंजी मध्यम आपल्याला पोलवरनं येत होता," तो म्हणाला. "म्हणून तर तिथं परत यायला बरं वाटायचं. नवी फाईल पाठव, घरघरीसकट. आन् ते सहा सेकंद कापू नको."

पाठवली. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, नुसता आवाजातला. मागे कुणीतरी तंबोरा छेडतंय, आणि तो मुलाला सांगतोय की ही जी सुरुवातीला तार वाजली ना, ते हाड तुझ्या आजोबांनी घासलेलं.